कान पाण्याखाली

"बूट! आधी बूट काढा!"

पहिल्याच दिवशी तरणतलावाच्या काठावर शिट्टी वाजली आणि भूगोलाचे सर जागच्या जागी थिजले. मागे नववीची मुलं खिदळली. पोहणं शिकवणाऱ्या ताईनं डोळे वटारले खरे, पण सरांनी एका पायावर तोल सावरत इतक्या निरागसपणे विचारलं, "मोजेही?"... की तिला हसू आवरेना. झालं, तिथंच सगळा घोटाळा झाला.

नगरपालिकेचा वर्ग होता तो. शाळकरी मुलांना पाण्यात स्वतःला कसं सांभाळायचं ते शिकवायचं – कुणी बुडत असेल तर उडी मारू नका, दोर फेका. दम लागला तर पाठीवर तरंगा. मुलं शिकत होती. सर बाकावर बसून पाहायचे, मुलांकडे कमी, तिच्याकडे जास्त. तिची नजर वळली की ते लगेच छताच्या काचांकडे बघत. तिथून उतरलेलं ऊन पाण्यावर हलायचं, पाण्यावरून त्यांच्या शर्टावर नाचायचं, आणि तिचं शिकवण्यातलं लक्ष उडायचं.

आज शेवटचा वर्ग. उद्या ती समुद्रकाठच्या शाळांत शिकवायला निघणार होती, अख्ख्या हंगामासाठी. आणि मनातलं बोलायचं राहूनच गेलं होतं.

"सर, आज तुम्ही तरंगा!" मुलांनी गिल्ला केला.

"मी? अरे, मी महासागर फळ्यावरच शिकवतो..."

"घाबरता?" तिनं भुवई उंचावली.

"हो," ते सरळ म्हणाले. "पण... तुम्ही धराल ना?"

ती आधी पाण्यात उतरली.

मागोमाग सरही उतरले, पाठीवर आडवे झाले. तिनं त्यांच्या मानेखाली तळवा धरला. "कान बुडू द्या... हं, आता अंग सैल सोडा..." हळूहळू त्यांचे डोळे मिटले. किती शांत दिसत होते! कान पाण्याखाली गेले की बाहेरचं काही धड ऐकू येत नाही, हे ती मुलांना रोज सांगायची. तिला धीर आला.

"मला तुम्ही आवडता हो," ती पुटपुटली. "फार आवडता. उद्यापासून तुम्ही दिसणार नाही... कसं करमेल मला?"

सरांना काहीच ऐकू गेलं नाही. काठावरच्या मुलांनी मात्र शब्दन् शब्द ऐकला होता. त्यांचे कान कोरडे होते, हे ती साफ विसरली होती!

मग जो हशा पिकला, त्यानं पाणीसुद्धा थरथरलं. सर धडपडत उभे राहिले. "काय झालं? माझं काही चुकलं?"

"सर, आम्ही सांगू?" दोन वेण्यांवाली एक मुलगी ओरडली.

तिचा चेहरा लालबुंद झाला. सरांनी मुलांकडे पाहिलं, मग तिच्याकडे... आणि त्यांना उमगलं असावं.

"नको. त्यांनाच सांगू दे," ते हळूच म्हणाले. "सांगाल?"

एक शिट्टी फुंकली असती तर वर्ग सुटला असता, तीही सुटली असती. पण उद्या गाडीत बसून हळहळायचं नव्हतं तिला.

"तुम्ही मला आवडता," ती सगळ्यांसमोर म्हणाली.

सर पापण्यांवरचं पाणी पुसायचंही विसरले. "मुलांना इथं आणायचं काम खरं तर खेळाच्या सरांचं," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी ते आजारी होते, म्हणून मी आलो. नंतर मात्र... रोज त्यांच्या हातापाया पडून आलोय."

"पाण्याला घाबरत असूनही?"

"पाण्याला घाबरत असूनही. रविवारी येऊ का... समुद्राकडे?"

"या," ती म्हणाली. "मी स्टेशनवर येते."