एकाहत्तर निरोप

तो पहिल्यांदा आमच्या दुकानात आला तेव्हा मी टेबलाखाली होते. म्हणजे अक्षरशः टेबलाखाली, तोंडात स्क्रू ड्रायव्हर धरून, वायरींच्या गुंत्यात. मला दिसले ते फक्त त्याचे बूट. तपकिरी, साधे, पण असे नेटके शिवलेले, की मी वायरी सोडून त्यांच्याकडेच बघत बसले.

"कुणी आहे का?" बुटांनी विचारलं.

"आहे. बोला."

"माझ्या लॅपटॉपचं एक बटण दाबलं की... वर येतच नाही."

"काय सांडलंत?"

"काही नाही."

"सगळे असंच म्हणतात. चहा की सरबत?"

मग अगदी हळू आवाजात, "सोल्युशन... चामडं चिकटवायचं."

मी अशी काही हसले की डोकं खाडकन टेबलावर आपटलं. तो झटकन खाली वाकला. "लागलं का हो?" विचारताना चेहरा असा कळवळलेला, जणू आपटलं ते त्याचंच डोकं! तिथेच माझी विकेट पडली. हे मी आज कबूल करतेय. त्या वेळी मी फक्त म्हटलं, "ठेवून जा. उद्या या."

दुकान काकांचं. मला लहानाची मोठी त्यांनीच केलं आणि कामही त्यांनीच शिकवलं. ते प्रिंटर दुरुस्त करतात, बाकी सगळं माझ्या गळ्यात. बंद पडलेले कॉम्प्युटर उघडायचे, लोकांच्या वेबसाइट बनवायच्या, आणि "ताई, माझं इंटरनेट डिलीट झालं" म्हणत धापा टाकत येणाऱ्या माणसांना आधी पाणी द्यायचं. तोंडाची मी फटकळ. काका म्हणतात, "हिच्या जिभेला पासवर्ड लावायला हवा."

तर हा बूटवाला. दोन गल्ल्या पलीकडे त्याच्या वडिलांच्या वेळची कार्यशाळा होती, आणि आता तो एकटाच तिथे काम करायचा. ज्यांचे दोन्ही पाय सारखे नाहीत, एखादा आखूड, एखादा वळलेला, एखादा अपघातात चेंगरलेला, अशा माणसांसाठी माप घेऊन बूट शिवायचा. पण दवाखाने आता कारखान्यातून तयार बूट मागवायला लागले होते, आणि त्याच्याकडची माणसं आटत चालली होती.

"वेबसाइट करा की," लॅपटॉप परत देताना मी म्हटलं. "माणसं शोधत असतील."

"मला?"

"तुम्हाला नाही हो, तुमच्या बुटांना. तुम्हाला कोण शोधतंय!"

"कुणीच नाही?"

मी उगाच की-बोर्ड पुसायला घेतला. "चौकशी करून सांगते."

झालं. वेबसाइटचं काम सुरू झालं. फोटो काढायला म्हणून मी त्याच्याकडे गेले. भिंतीभर लाकडी साचे टांगलेले, खिडकीपाशी त्याचं जुनं शिलाई मशीन, आणि सगळीकडे चामड्याचा वास. मी कॅमेरा लावतेय, तर याचं लक्ष माझ्या पायांकडे.

"उजवी टाच आतून झिजते तुमची. सगळा भार एकाच बाजूला टाकता."

"स्वभावच तसा आहे. एकदा झुकले की झुकले."

तो लाजला. खरंच लाजला. मग कागद अंथरून त्यावर माझा पाय ठेवला आणि कडेने पेन्सिल फिरवायला लागला.

"हलू नका ना."

"गुदगुल्या होतात! आणि इतकं सावकाश कशाला? दहा वर्षं काम करताय म्हणे."

पेन्सिल थांबली. "घाई नाही... म्हणून."

घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते.

पण घाई होती. त्यानेच एकदा सांगितलं. दूरच्या एका शहरात बुटांच्या मोठ्या कारखान्यात त्याला जागा मिळत होती. त्याने त्यांच्याकडून चार महिन्यांची मुदत मागून घेतली होती. "वेबसाइटवरून माणसं आली तर इथेच राहीन," तो म्हणाला. "नाही आली तर मग... कुणासाठी शिवायचं?"

मी मनात म्हटलं, येतील. मी आणीन. ओढून आणीन!

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, कारण सगळं रामायण तिथेच घडलं. वेबसाइटवर चौकशीचा एक फॉर्म असतो. नाव, फोन, काय हवं ते लिहायचं, आणि ते मालकाच्या मेलवर जातं. पण साइट तयार होत असताना आम्ही तो फॉर्म शंभर वेळा भरून बघतो, वाट्टेल ते खरडून. तो कचरा गिऱ्हाइकाला नको, म्हणून तोवर तिथे आमचाच एक चाचणीचा पत्ता घालून ठेवतो. साइट चालू करायच्या दिवशी तो पत्ता काढायचा आणि मालकाचा घालायचा. एक ओळ बदलायची, बस. शिकाऊ पोरही विसरत नाही.

साइट चालू करायच्या दिवशी तो माझ्या खुर्चीमागे उभा होता. दुपारची वेळ, काका जेवायला गेलेले. तो स्क्रीन बघायला वाकला, त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर, म्हणजे जवळजवळ माझ्या खांद्यावरच...

"बघा, आता हे बटण दाबलं की तुम्ही जगाला दिसाल," मी म्हटलं.

"ते 'तुम्ही' सोड ना आता."

"मग काय म्हणू?"

"तुला काय म्हणावंसं वाटतं?"

"तू..." मी म्हटलं, आणि बटण दाबलं.

मग फॉर्म भरून पाहिला. हिरव्या अक्षरांत आलं, 'धन्यवाद, आपला निरोप पोहोचला.' आम्ही दोघं लहान मुलांसारखे हसलो. निरोप कुठे पोहोचला, ते बघायचं भान होतं कुणाला?

पहिला आठवडा गेला. दुसरा गेला. तो रोज संध्याकाळी यायचा, नाहीतर मी जायचे. "एकही नाही गं," तो म्हणायचा. "अरे, वेळ लागतो. झाड लावलं की दुसऱ्या दिवशी फळ धरतं का?" असं मी त्याला शहाणपण शिकवायचे. रंग बदलले, फोटो मोठे केले, साइट पळायला लागेल अशी हलकी केली. सगळं सगळं केलं, ती एक ओळ सोडून. एका संध्याकाळी तो नुकताच शिवलेला बूट हातात फिरवत बसला होता. म्हणाला, "माझ्या हातात आता काही राहिलेलं नाही वाटतं. लोक फोटो बघतात आणि पुढे जातात." मी त्याचा हात धरला. पहिल्यांदा. हात धरून काय होतं पण? त्याचा विश्वासच उडाला होता, स्वतःवरचा.

चार महिने संपले. त्याने कारखान्याला होकार कळवला. मशीन विकत घेणारा माणूस गुरुवारी संध्याकाळी येणार होता.

मंगळवारी दुपारी मी एका दंतवैद्याच्या साइटचा, बूटवाल्यानंतरच्या पहिल्याच साइटचा, फॉर्म तपासायला घेतला आणि चाचणीची मेलपेटी उघडली. न वाचलेले निरोप, एकाहत्तर. मला वाटलं कचरा असेल. पहिला उघडला. 'माझ्या मुलीचा डावा पाय दीड इंच आखूड आहे. ती शाळेत जायला लाजते. तुम्ही बूट कराल का?' त्याखाली त्याच बाईंचा दुसरा. 'कृपया उत्तर द्या.' मग तिसरा. 'राहू द्या, आम्ही दुसरीकडे बघतो.'

तो ज्यांची वाट बघत होता ती सगळी माणसं माझ्या पेटीत पडून होती. दारावर आली होती, आणि दार मीच बाहेरून लावून ठेवलं होतं!

काकांनी माझा चेहरा बघितला आणि हातातलं काम ठेवलं. मी सगळं सांगितलं.

"उठ," ते म्हणाले. "आत्ता जा आणि सांग."

"काका, तो मला..."

"रागावेल. रागावू दे. चूक ताजी असते तोवर माणूस गिळतो. शिळी झाली की नाही पचत, बाळ."

ऐकायला हवं होतं. पण मला रिकाम्या हाताने जायचं नव्हतं. आधी या लोकांना फोन करू, पंचवीस-तीस जणांचा होकार मिळवू, मग चूक आणि कामं एकदमच त्याच्यासमोर ठेवू, असं मी ठरवलं. भित्र्या माणसाला कारणं बरोबर सुचतात. बुधवारी संध्याकाळपर्यंत फोन करकरून घसा बसला. कुणी दुसरीकडे गेलं होतं, कुणी चिडून फोन ठेवला. नऊ जण हो म्हणाले. नऊच.

त्या संध्याकाळी नेहमीसारखी मी त्याच्याकडे गेले. तो मशीनला तेल घालत होता. "देताना नीट द्यावं," म्हणाला. मग फडकं खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. "एक जरी आला असता ना गं... एक जरी, तरी मी थांबलो असतो."

नऊ जणांची यादी माझ्या पर्समध्ये होती. मी तोंड उघडलं, आणि म्हटलं, "चहा गार होतोय."

उद्या सांगू, उद्या दुपारी. मशीनवाला तर संध्याकाळी येणार आहे. तोवर आणखी दहा जण मिळतील. असं स्वतःला समजावत मी घरी आले.

गुरुवारी दुपारी सगळे निरोप छापलेल्या कागदांचा गठ्ठा घेऊन गेले तर खिडकीपाशी मोकळी जागा. "मशीनवाला सकाळीच टेम्पो घेऊन आला," बूटवाला म्हणाला. साचे पोत्यांत भरलेले होते आणि तो जमीन झाडत होता.

मी सांगितलं. उभ्याउभ्याच, एका दमात. चाचणीचा पत्ता, ती ओळ, सगळं. आणि गठ्ठा पुढे केला.

त्याने दोन-तीन पानं उलटली. "म्हणजे... माणसं येत होती?"

"हो."

"एकाहत्तर?"

"हो रे..."

आणि तो हसला! खो खो हसला आणि त्या मोकळ्या जागेतच फतकल मारून बसला. "अगं वेडे, मला वाटलं माझं कामच कुणाला नको! चार महिने मी रात्री जागून... एकाहत्तर!" त्याचे डोळे भरून आले होते. "आणि तू रडतेस कशाला? चूक होते. परवा मी डाव्या पायाचं चामडं उजव्याला बेतलं. मशीन परत मागू. माणूस बरा आहे तो, देईल." मग पान उलटता उलटता सहज विचारलं, "सापडलं कधी हे? सकाळी?"

त्याने उत्तर माझ्या हातात आणून दिलं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण त्याच्या त्या चेहऱ्याकडे बघून मला खोटं बोलवेना.

"मंगळवारी," मी म्हटलं.

"मंगळवारी..." हसू अजून तसंच होतं, पण आता त्यात काही नव्हतं. "म्हणजे काल मी तुला म्हटलं, एक जरी आला असता..."

"यादी पर्समध्ये होती. मला वाटलं, अजून थोडी माणसं जमवून—"

"मी तेल घालत होतो गं. आणि तू बघत होतीस."

आणि मग जे चार महिन्यांत एकदाही तोंडातून निघालं नव्हतं, ते नेमकं तेव्हा निघालं. "माझं तुझ्यावर प्रेम आहे."

"माहीत आहे." तो उठला. पॅन्ट झटकली. "आज संध्याकाळी मी काकांकडे येणार होतो. तुला मागायला. तिकडे येशील का माझ्याबरोबर, विचारणार होतो."

"येते! आत्ता येते. नाहीतर मशीन परत मागू, तूच म्हणालास ना—"

"नको." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते, भांडले असते, काहीतरी केलं असतं. "त्या चुकीबद्दल मला काहीच वाटलं नाही, खरंच. पण आता तू गप्प बसलीस की दर वेळी मला वाटेल, हिला काय माहीत आहे जे ही सांगत नाही? असं कसं राहणार आपण?"

त्याने कागद नीट जुळवून हातात घेतले. नऊ जणांचे बूट तिकडून करून पाठवीन म्हणाला, बाकीच्यांना स्वतः फोन करून माफी मागेन म्हणाला. माझ्या चुकीची माफी तो मागणार होता.

"मी मदत करते," मी म्हटलं.

"जाताना दार ओढून घे," तो म्हणाला.

रविवारी तो गेला. काकांनी दोनदा सांगितलं, "जा, स्टेशनवर निदान भेटून ये." कुठल्या तोंडाने जाणार होते मी? दुकानातच बसून राहिले, घड्याळाकडे बघत. गाडी सुटायची वेळ झाली तेव्हा काका माझ्याजवळ आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग मात्र मला रडू आवरलं नाही.