पाठमोरीची शिळा

जानराव मास्तर त्या सकाळी कारंज्याच्या छापखान्यात गेले ते एक साधं काम सांगायला. चित्र छापायच्या दगडाची एक शिळा घासून कोरी करायची होती.

शिळेवर पाठमोरी होती. विहिरीकाठी मोकळ्या केसांनी उभी असलेली, भूत झालेली बाई. मासिकाचं पान भरावं म्हणून मास्तरांनी सहज काढलेली ही चित्रकथा वर्षामागून वर्षं चालली. अंकासाठी पार कामरगावात लोक एस.टी.ची वाट पाहत उभे राहत. कथेत दर महिन्याला गाव नवं, माणसं नवी. त्यांची शिळा छपाई झाली की छापखान्यातला रामधन घासून टाकी. पाठमोरीची शिळा मात्र वेगळी ठेवलेली. तीच बाई प्रत्येक अंकात छापायची, म्हणून ती कधी पुसलीच नव्हती. तिचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं, मास्तरांनीसुद्धा नाही. पाठ त्यांनी आपल्या मुलीची, हिरीची काढली होती. ती न्हाऊन ओसरीवर केस वाळवत होती तेव्हा. हे साऱ्यांना ठाऊक होतं.

आता हिरीसाठी केनवडचं स्थळ आलं होतं. मुलाची आत्या रंगूबाई हसत म्हणाली होती, "पाठ तं साऱ्या मुलखानं पाह्यली. तोंड तरी आमाले पाहू द्या." मास्तरांच्या ते जिव्हारी लागलं.

रामधन कुरकुरला. "हिच्यावरच तं छापखाना चालते, मास्तर. कायले पुसता?" पण त्यानं वाळू पसरली, पाणी शिंपडलं आणि दगडावर दगड फिरवू लागला.

तो खरखर आवाज गल्लीच्या टोकाशी विरला. दोन गल्ल्या पलीकडे घरी पोचल्यावर मात्र तोच पुन्हा ऐकू आला. शेजारी जातं फिरत असेल, असं मास्तरांना वाटलं. हिरी ओसरीवर पालथी पडली होती. ओल्या वाळूचा वास येत होता. आवाज पोरीच्या अंगातून येत होता.

"बाबा... कोनी मले घासून राह्यलं..."

तिच्या केसांची टोकं पुसट होत चालली होती. त्यांतून खालची सतरंजी दिसत होती.

मास्तर अनवाणी छापखान्याकडे धावत सुटले. रामधनचा हात त्यांनी दोन्ही हातांनी धरला. शिळेवरच्या बाईचे कमरेखालचे केस तेवढे गेले होते.

हिरी वाचली. केस मात्र कमरेच्या खाली पुन्हा वाढले नाहीत. केनवडचं स्थळ मास्तरांनी स्वतःच मोडलं आणि चित्रकथा चालू ठेवली. लोक म्हणत, मास्तरांच्या हाताला यश आहे. मास्तर मान खाली घालत.

मग एका अंकाची पहिली प्रत रामधननं त्यांच्यापुढे धरली. शिळेला कुणी हात लावला नव्हता. तरीही पाठमोरीची मान किंचित वळली होती. एक गाल दिसत होता.

तो हिरीचा नव्हता.

मास्तर घरी आले. हिरी भिंतीकडे तोंड करून केस विंचरत होती.

"अंक आला काय, बाबा?" तिनं मागं न वळता विचारलं.

मास्तर उंबऱ्यातच थांबले. सकाळपासून पोर एकदाही आपल्याकडे वळली नव्हती, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.