दुपारचं काम

शालिकराम बोरकुटेनं सारी नोकरी पाटबंधारे खात्यात कारकुनी करण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर वडिलांचा ट्रॅक्टर घरी आणला. उमरेडच्या पलीकडे गावी, थोरल्या भावाच्या गोठ्यामागे तो कित्येक वर्षं उभा होता. मागच्या चाकांमधून बाभूळ वर आली होती आणि सीटखाली कोंबड्या अंडी घालत होत्या. भाऊ बळीराम तो भंगारात देणार होता. शालिकराम सगळ्या भावकीसमोर म्हणाला, देऊ नको, मी चालू करून दाखवतो, माझ्या हातानं.

"तुह्या हाताले पेनाची सवय हाय गा, पान्याची नाई," बळीराम म्हणाला. भावकी हसली. ट्रॅक्टर ट्रकवर चढला तेव्हाही ते हसू शालिकरामच्या कानात होतं.

नागपूरला दिघोरीत त्याच्या घराच्या बाजूला थोडी मोकळी जागा होती. तिथं हिरवी जाळी बांधून त्याखाली ट्रॅक्टर ठेवला. जॅक आणला, पान्यांचा सेट आणला, लकडगंजच्या दुकानातून ऑइल सील आणले. मोबाइलवर व्हिडिओ बघून एकेक भाग उघडायला लागला. गल्लीच्या टोकाला प्रेमानंद रामटेके राहायचे. त्यांचा जन्म कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये गेलेला. त्यांनी आपणहून विचारलं, येऊ का मदतीला. शालिकरामनं नको म्हटलं.

मे उजाडला तेव्हा इंजिन उघडं पडलं होतं आणि काम अडलं होतं. पिस्टन गंजून जागच्या जागी बसले होते. बोल्टला पाना लावला की बोल्ट हलायचा नाही, त्याच्या कडा मात्र झिजायच्या. बायको गोपिका विचारायची, कुठवर आलं? तो सांगायचा, आलंच.

मेच्या दुपारी नागपूरच्या गल्लीत कुत्रंही फिरत नाही. जेवण झालं की खिडक्या बंद, कूलर चालू, आणि ऊन कलेपर्यंत झोप. अशाच एका दुपारी शालिकराम उठला, डोक्याला दुपट्टा बांधून बाहेर आला आणि जाळीखाली थबकला.

पिस्टन बाहेर निघाले होते. रॉकेलनं धुऊन, पुसून, जुन्या पेपरावर ओळीनं मांडून ठेवले होते. बोल्टांवर साधा ओरखडा नव्हता. फाटकाला आतून लावलेलं कुलूप तसंच होतं. प्रेमानंद आठवडाभर लेकीकडे भंडाऱ्याला गेलेले होते.

गोपिका चहा घेऊन बाहेर आली. तिनं पेपराकडे पाहिलं.

"निघाले वाटते शेवटी," ती म्हणाली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण शालिकरामच्या तोंडून निघालं, "हो. निघाले."

मग रोजच तसं होऊ लागलं. तो झोपायचा आणि उठून बघावं तर काम पुढे सरकलेलं. स्लीव्ह साफ झाल्या, रिंगा बसल्या, डिझेलचा पंप उघडून पुन्हा जोडला गेला. एकदा पाहावं म्हणून तो खिडकीची फट ठेवून जागा बसला. ऊन जाळीवरून सरकत गेलं, ट्रॅक्टरजवळ काहीच हललं नाही. त्या संध्याकाळी त्यानं स्वतः एक झाकण बसवलं, घाम गाळून, अगदी व्हिडिओत दाखवलं तसं. दुसऱ्या दिवशी झोपून उठला तर ते झाकण काढून, गॅसकेट सुलटं करून, पुन्हा घट्ट आवळलेलं होतं. शाळेत मास्तरांनी पाटीवरचं चुकलेलं गणित पुसून टाकावं तसं त्याला झालं.

त्यानंतर त्यानं पान्याला हात लावला नाही. फक्त उठल्यावर जाळीखाली जायचा, डब्यातलं काळं ऑइल बोटांना चोळायचा, थोडं कपाळाला लावायचा, आणि मग गोपिकाला चहा मागायचा. ती हात धुवायला साबण काढून द्यायची. मोरीत काळं पाणी वाहून जायचं आणि तो तिच्याकडे पाठ करून हात धूत राहायचा. भीती नव्हती असं नाही. पण भीतीपेक्षा लाज जास्त होती, आणि लाजेपेक्षाही बळीरामचं हसू.

जून लागायच्या आत ट्रॅक्टर तयार झाला. शालिकरामनं गावाहून भावकीला बोलावलं, गल्लीतली माणसं जमली. किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं. बळीराम काही वेळ त्या आवाजाकडे कान देऊन उभा राहिला. मग पुढे येऊन त्यानं धाकट्या भावाच्या खांद्यावर शाल घातली. त्याचे डोळे भरले होते.

"बाबूजीचा हात हाय तुह्यात," तो म्हणाला. "मी उगाच हासलो होतो."

शालिकरामला वर बघवेना. सगळे बोला, बोला म्हणाले तेव्हा तो एवढंच म्हणाला की सगळं एकट्यानं केलं, कुणाची मदत घेतली नाही. टाळ्या वाजल्या. प्रेमानंद तेवढे त्याच्या बोटांकडे बघत होते.

"एवढं काम केलं शालिकभाऊ," ते हळूच म्हणाले, "पन हाताले कुठंच खरचटलं नाई."

शालिकरामनं हात शालीत घेतला.

त्याला वाटलं, आता संपलं. दुसऱ्या दुपारी उठला तर फाटक करकरायचं थांबलं होतं. नंतर कूलरचा पंप बिनआवाज चालू लागला. कपाटाचं अडकणारं दार, शिलाई मशीन, माळ्यावरचा बंद रेडिओ. गोपिका कौतुक करायची. तो मान हलवायचा. रात्री नीट झोपायचा आणि दुपारी जागं राहायचं ठरवायचा, पण कूलरच्या गार वाऱ्यात डोळे मिटायचेच.

एका दुपारी त्याला जाग आली तेव्हा गोपिका पलंगावर नव्हती. ती स्वयंपाकघरात मांडी घालून तांदूळ निवडत होती. तिला मांडी घालता येत नव्हती त्याला वर्षं झाली होती. दोन्ही गुडघे झिजलेले, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलेलं. ती सुपावरून नजर न काढता म्हणाली,

"उजवा एकदम मोकळा झाला. झोपेत तुमीच दाबून देल्ला का जी?"

शालिकराम दारात उभा होता. त्याला रॉकेलचा वास आला.

"हो," तो म्हणाला.

तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"थंडगार होते हात तुमचे," ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

त्या रात्री ती झोपल्यावर त्यानं तिचा गुडघा पाहिला. कुठं काही नव्हतं. कातडी मऊ, स्वच्छ, एखाद्या तरुण पोरीची असावी तशी. त्यानं वर पांघरूण घातलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं लवकर आटोपून गोपिकानं स्वतःच खिडक्या लावल्या. कूलर चालू केला. पलंगावर आडवी झाली आणि डावा पाय लांब करून ठेवला.

शालिकराम उशाशी खुर्ची घेऊन बसला. पेपर वाचतो म्हणाला.

खोलीत अंधार होता. पेपरातलं अक्षर दिसत नव्हतं.

बऱ्याच वेळानं, डोळे न उघडता, गोपिका अगदी मायेनं बोलली.

"तुमी झोपा ना जी. तुमी जागे राहिले का कोनी येत नाई."

त्याचे कान तापले. मोरीतलं ते काळं पाणी, आणि पाठीमागे साबण घेऊन उभी असलेली ही.

त्यानं पेपर खाली ठेवला.

गोपिका भिंतीकडे सरकली आणि तिनं बाजूला जागा करून दिली. त्याला लागते त्यापेक्षा जास्त.