करपलेला नैवेद्य

पुरणपोळीचा पहिला घास अभयनं तोंडात घातला आणि तसाच काढून ताटाच्या कडेला ठेवला... गौरीजेवणाच्या पंगतीत, आरतीच्या कापराचा धूर अजून घरात घोटाळत असताना!

"वहिनी... पुरण करपलंय हो."

वाढता वाढता वैजयंतीचा हात थबकला. सानपाड्याच्या त्या लहानशा फ्लॅटमध्ये अठरा माणसं मांडीला मांडी लावून बसली होती, आणि अठराही जणांचे हात एकदम थांबले. जयप्रकाशनं, तिच्या नवऱ्यानं, पोळीचा तुकडा जिभेवर ठेवला आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"वैजू, अगं कडूजहर झालंय हे! पाहुण्यांपुढे असं वाढायचं?"

"पाहुण्यांचं राहू दे रे," गौरींशेजारच्या खुर्चीतून सासूबाईंचा, पुतळाबाईंचा आवाज थरथरत आला. "माहेरपणाला आलेल्या गौरींच्या मुखी करपलेला घास गेला! तू आल्यापासून बावीस वर्षांत या घरात असं झालं नव्हतं गं..."

धाकटी जाऊ गीतांजली, अभयची बायको, ही वेळ थोडीच सोडणार होती! "मी पंधरा दिवस आधी ग्रुपवर लिस्ट टाकली होती की नाही? पोळ्या बाहेरून, सोळा भाज्या आपण चौघींनी वाटून घ्यायच्या, ताईंनी फक्त वरण-भात बघायचा. कुणालाच टेन्शन नको! पण ताईंना सगळं स्वतःच करायचं असतं. आणि मग पंगतीत एकेकाला विचारत फिरायचं, 'मीठ बरोबर आहे ना? गोड पुरेसं आहे ना?' कौतुक करून घ्यायची हौस, दुसरं काय!"

पंगतीत कुणीतरी हसलं. वैजयंतीनं पोळ्यांचं ताट खाली ठेवलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. या सुनेचे चार दिवस अजून उजाडायचेच होते.

कौतुकाची हौस! करपलेलं पातेलं घासता घासता तिच्या काळजाला ते शब्द डसत राहिले. चार वर्षांपूर्वी, कोरोनाच्या त्या भयंकर लाटेत, पुतळाबाईंना श्वास पुरेना आणि कुठेच बेड मिळेना. जयप्रकाश तळोज्याच्या कारखान्यात अडकलेला, अभयकडे तान्हं बाळ, बाकीचे नातेवाईक फोनवरून धीर देण्यात पटाईत! तेव्हा सासूच्या खोलीत शिरून दार आतून लावून घेतलं ते वैजयंतीनं. सतरा दिवस! सासू वाचली. मग वैजयंतीला ताप आला. तो तिनं गोळ्या गिळून, कुणाला न सांगता अंगावर काढला. ताप गेला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. "येईल हळूहळू," पुढे गुपचूप गाठलेले डॉक्टर म्हणाले होते. आलं नाही...

सांगणार तरी कसं? बरी झाल्यावर पुतळाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला डोळे पुसत म्हणायच्या, "माझ्यापायी सुनेला काही झालं असतं ना, तर मी जीव ठेवला नसता!" त्या माउलीच्या माथी हे कशाला मारायचं? पहिल्या वर्षी ती त्या मायेपोटी गप्प राहिली. पुढे मात्र भीतीपोटी. शिक्षण बेताचं, नोकरी नाही, पदरी मूल नाही; "वैजयंतीच्या हाताला चव आहे" हे एकच वाक्य तिच्या नावावर होतं, आणि तेही खोटं ठरलं तर या घरात तिचं उरत काय होतं?

घरची रीतही तिच्या मदतीला धावली. गौरीचा स्वयंपाक सोवळ्यातला. नैवेद्य दाखवण्याआधी तो चाखायचाच नाही! त्यामुळे इतकी वर्षं कुणाला संशय आला नाही. मीठ चिमटीनं, गूळ वाटीनं, फोडणी रंगावरून, वाफ घड्याळावरून... असा तिचा संसार चालला होता. पण गीतांजलीच्या लिस्टप्रमाणे चार बायका ओट्याशी आल्या असत्या, तर त्यांच्यापैकी कुणीतरी नाक वर करून 'कसला गं वास हा?' असं विचारलंच असतं. म्हणून ती नाही म्हणाली होती. आणि आज पुरण आटत असताना तिला तीनदा बाहेर हाका आल्या. गौरींच्या पावलांना कुंकू, पाहुण्यांना पाणी, आईंचा चष्मा! पुरण तळाला लागलं, तिनं ते ढवळून एकजीव केलं. गुळाच्या त्या काळपट रंगात काही दिसलं नाही, आणि बाहेर धुपाच्या धुरात कुणाला वासही आला नाही.

"श्रीखंडाचा डबा आहे का हो फ्रिजमध्ये? निदान तोंड तरी..." म्हणत गीतांजली आत आली आणि किंचाळली, "ताई! गॅस!"

चहाचं दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. गॅस तसाच बाहेर येत होता. गीतांजलीनं बटण बंद केलं, खिडकी उघडली आणि वळून पाहिलं. शेगडीपासून हातभर अंतरावर, तिच्याकडे पाठ करून, वैजयंती शांतपणे पातेलं घासत उभी होती.

"तुम्हाला वास नाही आला?"

वैजयंतीनं पातेलं खाली ठेवलं. तिचा चेहरा पाहून गीतांजलीच्या मनात लख्खकन काहीतरी चमकलं. तिनं मांडणीवरून एक डबी उचलली, उघडली. "डोळे मिटा ताई. हं, सांगा, कसला वास आहे?"

वैजयंतीनं खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. "...सुंठ?"

डबीत हिंग होता.

"कधीपासून, ताई?" गीतांजलीनं डबी मिटत विचारलं.

"आईंच्या आजारपणापासून... वास नाही, चव नाही. पण त्यांना सांगू नकोस गं! पाया पडते तुझ्या!"

पण दारात पुतळाबाई उभ्या होत्या. त्यांच्या मागे जयप्रकाश. चौकट धरून त्या माउलीनं कसाबसा तोल सावरला. "म्हणजे मी जगले ती तुझ्या जिवाची चव काढून घेऊन? आणि मी तुलाच बोल लावला... अगं पोरी, एका शब्दानं तरी सांगायचंस!"

"कुणाला सांगू, आई?" बावीस वर्षांत पहिल्यांदाच वैजयंतीचा आवाज चढला. "मी रोज विचारत होते. रोज! मीठ बरोबर आहे का, मला खरंच कळत नव्हतं हो! मोबाईलमधून मान वर काढून यांनी एकदा तरी माझ्या तोंडाकडे बघितलं असतं, तर कळलं असतं. मला कौतुक नको होतं. मला उत्तर हवं होतं."

जयप्रकाशची मान खाली गेली. गीतांजली हुंदके देत तिच्या गळ्यात पडली. "ताई, माफ करा हो! मी मेली काय काय बोलले..."

"तुझी लिस्ट चुकीची नव्हती," वैजयंती कोरड्या स्वरात म्हणाली. "चार हात मलाही हवेच होते. भीती त्यांच्याबरोबर येणाऱ्या नाकांची होती."

पुतळाबाईंनी तिचा हात धरला आणि तशाच ओल्या हातानं तिला बाहेर आणलं. "अभय, ऊठ तिथून. गौरींसमोरचं पान आज माझ्या सुनेचं!"

कुणी पाट सरकवला, कुणी रांगोळी पुसली जाऊ नये म्हणून तिचा पदर सावरला. गीतांजलीनं कुकरमधला वाफाळता भात आणून वाढला, वर वरण, वर तुपाची धार. सगळ्यांच्या पंगती उठल्यावर, निवलेल्या पातेल्यांतलं उरलंसुरलं ओट्याशी उभ्यानं खायची तिची सवय... आज अठरा माणसं तिच्या पानाकडे बघत होती. पुतळाबाई गुडघे धरत खाली बसल्या आणि पहिला घास त्यांनी स्वतःच्या हातानं तिला भरवला.

जयप्रकाश तिच्यासमोर उकिडवा बसला होता. डोळे पुसत त्यानं विचारलं, "कसं... कसं लागतंय, वैजू?"

तिनं घास बराच वेळ चावला, गिळला.

"गरम आहे," ती म्हणाली.