वर्तन : सामान्य

माझं काम सशांच्या डोळ्यांना गुण देण्याचं. कुणी विचारलं की मी असंच सांगतो आणि लोक हसतात, पण काम खरंच तेवढंच आहे. काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढतो. औषधांनी तो उतरेनासा झाला की डोळ्यात एक बारीक नळी आणि नखाएवढी सिलिकॉनची चकती बसवतात. ती चकती शरीराला सोसते का, हे माणसाआधी सशावर पाहायचं. लाली किती, सूज किती, पाणी किती. शून्य ते तीन. शून्य सगळ्यात चांगलं. शून्य म्हणजे परकं काही आत आलंय, हे शरीराला कळलेलंच नाही.

सव्वीस वर्षं मी हे करत होतो आणि खडूस म्हणून माझा लौकिक होता. एका सहकाऱ्याने दोनाच्या जागी एक लिहिला, तेव्हा आठ दिवस मी त्याच्याशी बोललो नव्हतो. आता आठवलं की त्याची माफी मागावीशी वाटते.

मला वाढवलं ते ताईने. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि ती सतरा. लाँड्रीच्या मागच्या खोलीत खिडकीशी बसून ती रफू करायची. मी पायाशी बसून अभ्यास करायचो आणि ती सुईवरची नजर न हलवता माझी गणितं तपासायची. "धागा त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून काढायचा," ती सांगायची. "परका धागा कितीही जुळवला तरी उन्हाकडे धरलं की दिसतोच." त्याच ताईचा उजवा डोळा काचबिंदूने नेला होता आणि डावाही त्याच वाटेवर होता. डॉक्टर म्हणाल्या, "दोन महिने दिसेल. फार तर तीन."

त्याच दिवसांत आमच्याकडे नवी चकती आली होती. शरीराला पत्ताच लागू नये, असा तिच्यावर लेप होता. बारा सशांच्या डोळ्यांत ती बसवली. अकरांना जेवढी व्हावी तेवढी लाली झाली आणि गेली. सात नंबरला काहीच झालं नाही. टाके घातलेल्या डोळ्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी लालीचा मागमूस नाही, असं मी कधी पाहिलं नव्हतं. चकतीभोवती शरीर एक पातळ पडदा धरतं आणि तोच नळीतून येणाऱ्या पाण्याला आवर घालतो. सात नंबरला पडदाही धरला नाही, आणि दाब मात्र नेमका हवा तेवढा. मी शून्य लिहिलं. खरं सांगतो, मला आनंदच झाला होता.

पिंजरे सांभाळायला एक मावशी होत्या. एक दिवस त्या म्हणाल्या, "साहेब, हा सात नंबर कुणाला तरी वाट देतो."

"म्हणजे?"

"दुपारी चारनंतर या. बघा तुम्हीच."

गेलो. चार वाजून दहा मिनिटांनी ससा पिंजऱ्याच्या मधून उठला, डाव्या बाजूच्या गजांना चिकटला, कान पाडले आणि थांबला. मग परत जागेवर आला. अरुंद जिन्यावर समोरून कुणी उतरत असलं की आपण कडेला होतो, अगदी तसं. दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तीच बाजू. मी पाण्याचे पाइप पाहिले, पंखा बंद केला, पिंजरा दुसऱ्या खोलीत नेला, वर कापड टाकलं. कशानेही फरक पडला नाही. फक्त रोज तो आदल्या दिवसापेक्षा जास्त वेळ अंग चोरून राही.

मी पाहिल्यापासून विसाव्या दिवशी तो हलला नाही. मध्येच बसून राहिला, नाक किंचित वर करून.

"आज नाही दिली वाट," मावशी हळूच म्हणाल्या.

सकाळी तो मेलेला होता. आत कुठेही कारण सापडलं नाही. डोळ्याचा काप सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. मांस आणि सिलिकॉन यांच्यामध्ये एक रेघ असते, नवशिक्यालाही दाखवता येते. ती रेघ मी दोन तास शोधली. ती नव्हतीच.

अहवालाच्या शेवटच्या पानावर एक ओळ असते : वर्तन, सामान्य किंवा असामान्य. असामान्यवर खूण केली असती, तर सगळी चाचणी नव्याने, सहा महिने. बारात एक, मी स्वतःला समजावलं. मृत्यूच्या रकान्यात 'चाचणीच्या शेवटी' असं लिहिलं. नाहीतरी त्याच आठवड्यात सगळे ससे संपवायचे होते. आणि सामान्यवर खूण केली. जन्मभर डोळ्यांत तेल घालून काम केलं आणि त्या एका ओळीकडे काणाडोळा केला.

"साहेब, ते वाट द्यायचं लिहिलंत ना?" मावशींनी विचारलं.

"लिहिलं," मी म्हणालो.

माणसांवरच्या चाचणीत पहिल्या वीस रुग्णांत ताईचं नाव मीच घातलं. "माझ्या हाताखालून गेलेली चकती आहे," मी तिला म्हणालो. ती हसून म्हणाली, "मग मला कसली काळजी?"

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डोळा पांढराशुभ्र. डॉक्टरांना कोण आनंद! "हात लावलाय असंसुद्धा वाटत नाही," त्या म्हणाल्या. मला सात नंबर आठवला.

पंधरवड्याने ताईने सुईत दोरा स्वतः ओवला, मला समोर बसवून. मग माझ्याकडे बघत म्हणाली, "धाकट्या, कपाळावर एवढ्या सुरकुत्या कधी पाडून घेतल्यास रे?" दोघंही हसलो, आणि मग ती रडली. तेवढ्यापुरतं मला वाटलं, आपण केलं ते बरोबर केलं.

पुढच्या सोमवारी मी तिच्या घरी होतो. स्वयंपाकघरातून चहाचा कप घेऊन ती येत होती. बोळकंडीत थांबली, भिंतीला पाठ लावली, कप छातीशी धरला. मग काही झालंच नाही अशी चालत आली. मी घड्याळ पाहिलं. चार वाजून अकरा मिनिटं.

"थांबलीस का?"

"जाऊ दिलं," ती म्हणाली.

"कुणाला?"

ती जरा गोंधळली. "कोण जाणे. पण मोठं आहे रे. अंग चोरावं लागतं."

डॉक्टरांना म्हणालो, चकती काढा. त्यांनी तपासलं, पुन्हा तपासलं. "काढू कशी? ती कुठे संपते तेच दिसत नाहीये. डोळाच काढावा लागेल."

शेवटी ताईला सगळं सांगितलं. ससा, मावशी, ती खूण. ती एका कोटाची कोपरापाशी फाटलेली बाही रफू करत होती. सुई थांबली.

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"हो."

"आणि मला विचारलं नाहीस."

"सहा महिने गेले असते, ताई. तुला काहीच दिसलं नसतं."

"मी होच म्हटलं असतं रे," ती म्हणाली. "पण विचारायचंस तरी."

मग तिने विचारलं, "शेवटी तो ससा घाबरला होता का?"

"नाही."

"मग ठीक आहे," म्हणून तिने पुन्हा सुई उचलली.

मी दिवस मोजत होतो. सोमवार पहिला. विसाव्या दिवशी सकाळपासूनच तिच्याकडे जाऊन बसलो. दुपारी ऊन खिडकीतून आत आलं, तिच्या मांडीवरच्या कोटापर्यंत. बाहीचं रफू अर्धं झालं होतं. चार वाजता मी खुर्ची तिच्या खुर्चीला भिडवली आणि तिचा डावा हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरला. वेळ आली की तिला ओढून बाजूला करायचं, एवढंच मी ठरवलं होतं.

चार वाजून नऊ मिनिटं.

"ताई, ऊठ. कडेला होऊ या."

"आज नको."

"ऊठ गं, ताई."

"त्याला आज पुढे जायचं नाहीये," ती म्हणाली. आवाज शांत होता. तिने दाराकडे पाहिलं, आणि मग तिची नजर हळूहळू जवळ आली.

मी हात आणखी घट्ट धरला. एवढं मला पक्कं आठवतं.

त्यानंतर मी उठल्याचं आठवत नाही. चालल्याचं आठवत नाही. पाठीला गार लागलं म्हणून भानावर आलो, तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीला चिकटून उभा होतो, अंग चोरून, श्वास रोखून.

ताई खुर्चीतच होती. मान कलली होती. कोट घसरून खाली पडला होता.

तिचा डावा हात मात्र मी धरला होता तसाच, हवेत, माझ्या रिकाम्या खुर्चीच्या दिशेने. तो खाली पडत नव्हता.