सहा पानं, एकतीस पानं

तिसऱ्या मजल्यावरच्या कॉपी मशीनने कागद गिळला होता आणि तो परत द्यायची त्याची इच्छा दिसत नव्हती. ती गुडघ्यांवर बसून त्याचे झाकण उघडत होती, मिटत होती. सकाळचे अकरा वाजले होते, पण खिडकीतून येणारा उजेड संध्याकाळचा वाटत होता. भिजलेला, घडी घालून तसाच ठेवून दिलेला.

"जरा बाजूला होता का?" मागून कोणीतरी म्हणाले. "आधी मागचा खटका दाबावा लागतो. आमच्याकडच्या मशीनलाही हाच आजार आहे."

ओली छत्री, ओले बूट, चष्म्याच्या काचांवर धुके. त्याने खटका दाबला, चुरगळलेला कागद दोन बोटांनी अलगद ओढून काढला, गुडघ्यावर ठेवून सरळ केला… आणि वाचू लागला.

"अहो, तो माझा आहे," ती हात पुढे करत म्हणाली.

"नाही—" त्याने मान वर केली नाही. "माझा आहे. नववं पान. पण समासात हे कोणी लिहिलंय? 'हा माणूस वाक्यात श्वास कधी घेतो?'"

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"घेतो," तो शांतपणे म्हणाला. "साधारण साडेतीन ओळींनी. मोजून पाहा."

"म्हणजे तुम्ही… एकतीस पानं?"

"आणि तुम्ही सहा."

अशी त्यांची ओळख झाली. नावांच्या आधी पानांनी.

गोष्ट खरे तर आठवडाभर आधीच सुरू झाली होती. तर्कशास्त्रातला एक प्रश्न अकरा वर्षे अनुत्तरित होता: एका विशिष्ट रीतीने उत्तर शोधत गेले, तर तो शोध कधीतरी थांबतोच का? थांबतोच, हे दोन शहरांतल्या दोन अनोळखी माणसांनी एकाच महिन्यात सिद्ध केले आणि एकाच वार्षिक परिषदेकडे शोधनिबंध धाडले. तिने सहा पानांत, त्याने एकतीस पानांत. निवड समितीने दोघांना मिळून एकच पत्र पाठवले. प्रमेय मान्य आहे, पण निबंध दोन नकोत, एकत्र करा. बारा पाने, दोघांची नावे, वीस मिनिटांचे एकच व्याख्यान. मुदत पाच आठवड्यांची.

"आपल्याला न विचारता परस्पर गाठ मारली त्यांनी," विद्यापीठातल्या तिच्या खोलीतली खुर्ची ओढून घेत तो म्हणाला. "सिद्धता तुमचीच ठेवू. मी सगळं बिऱ्हाड पाठीवर घेऊन पोचलो. तुम्ही हात हलवत पोचलात."

"इतक्या सहज पाणी सोडता स्वतःच्या कामावर?"

"सहज नाही. पण बारा पानांत माझी मावत नाही. आणि…"

"आणि काय?"

"आणि तुम्ही फळ्यापाशी उभ्या राहिलात की मला पटायला लागतं."

तो दर गुरुवारी तीन तासांचा बसप्रवास करून येऊ लागला. खोली लहान होती. एक फळा, दोन खुर्च्या, समोरच्या इमारतीच्या विटांपलीकडे काहीच न दाखवणारी खिडकी. ती फळ्यावर लिहायची. तो ऐकायचा, मधूनच मान डोलवायचा, मधूनच तिच्या हातून पडलेला खडू उचलून द्यायचा. तो देताना बोटे क्षणभर रेंगाळत. रेंगाळत का, की तिला तसे वाटे? याची सिद्धता तिच्यापाशी नव्हती.

"'तुम्ही' म्हणण्यात माझा वेळ जातो," तिसऱ्या गुरुवारी तो म्हणाला. "बारा पानांत तेवढी जागा नाही."

"मग 'तू' म्हण. काटकसर कर. एकदा तरी."

तो हसला, पण ते हसू अर्ध्यावरच विझले. हल्ली त्याचे असे होत असे. बोलता बोलता तो फळ्याच्या एका कोपऱ्याकडे पाहत राही, एखाद्या आजारी माणसाकडे पाहावे तसा. ती विचारायची, "पटतंय ना?" तो मान डोलवायचा.

ती थोरल्या बहिणीकडे राहायची. ताई चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची आणि घरी आल्यावर बहिणीचे.

"गुरुवार येऊन गेला वाटतं?" ताई पर्स खुंटीला अडकवत विचारायची.

"माणसाला गुरुवार काय म्हणतेस, ताई."

"नाव तू सांगत नाहीस. वार मला कॅलेंडरावरून कळतो. चष्मा आहे त्याला?"

"आहे."

"नंबर काय?"

"मी कशाला विचारू?"

"विचारायचा नसतो गं. जवळून बघितलं की कळतो."

या थट्टेखाली एक काळजी मुक्यानेच बसून होती. तिची नेमणूक दोन वर्षांची होती आणि ती संपत आली होती. विभागप्रमुख स्पष्ट बोलले होते, "हा निबंध परिषदेत आला, तर मुदतवाढीसाठी मी शब्द टाकीन. नाही आला, तर माझे हात बांधलेले आहेत." निबंधाच्या तीन परीक्षकांपैकी एकाने तिच्या सिद्धतेला 'देखणी' म्हटले होते. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या कशाला तरी कोणी देखणे म्हटले होते. त्या एका शब्दाच्या उबेवर ती ते ओले आठवडे काढत होती.

पाचव्या गुरुवारच्या आदल्या दुपारी ती व्याख्यानासाठी एक चित्र काढायला बसली. चित्र साधेच हवे होते, सात बिंदू आणि त्यांना जोडणारे बाण. तिची सिद्धता दोन शक्यतांवर उभी होती. दर पावलाला सूत्र लहान होते, नाहीतर शोध थांबतो. ती बाण काढत गेली. पाचव्या बाणापाशी सूत्र लहान झाले नाही. शोधही थांबला नाही. आकार तेवढाच राहिला, फक्त रूप बदलले. सहावा, सातवा… आणि बाण जिथून निघाला होता तिथेच येऊन टेकला.

तिने चित्र खोडले, पुन्हा काढले. तीनदा काढले. तिसऱ्या वेळी हात इतका स्थिर होता की तिला स्वतःचीच भीती वाटली.

तिसरी शक्यता होती. तिने ती पाहिलीच नव्हती. सहा पाने देखणी होती, कारण एक दार उघडायचे राहून गेले होते.

प्रमेय खोटे नव्हते. असे फेरे शेवटी संपतातच, पण ते तिने कुठेच दाखवले नव्हते. त्याची एकतीस पाने त्या दारातून आत जाऊन, सगळे कानेकोपरे झाडून बाहेर आली असणार. तिने ती नवव्या पानाशी सोडून दिली होती. खोटी होती ती तिची वाट. आणि वाट खोटी तर नाव कशाचे, व्याख्यान कशाचे, मुदतवाढ कशाची… गुरुवार तरी कशाचा? अंतिम प्रत शुक्रवारी द्यायची होती. हे फक्त तिलाच माहीत होते. मूग गिळून बसले, तर कदाचित कोणालाच कधी कळणार नव्हते. हा विचार तिच्या मनात जेमतेम एक मिनिट टिकला असेल. पण ते मिनिट ती पुढे कधी विसरली नाही.

गुरुवारी तो आला तेव्हा फळ्यावर सात बिंदू काढलेले होते. तिने काही प्रस्तावना केली नाही.

"पाचवा बाण बघ."

त्याने पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटेल म्हणून ती वाट पाहत राहिली. ते उमटले नाही. तो खुर्चीत बसला, पिशवीतून एक वही काढली आणि तिच्यापुढे उघडी ठेवली. पानावर तेच चित्र होते. फक्त बिंदू सहा.

"एक कमी लागतो," तो हळूच म्हणाला.

भिंतीतल्या पाइपात पाणी ठकठकत राहिले.

"कधी?" तिने विचारले.

"पहिल्या गुरुवारी. परत जाताना, बसमध्ये."

"म्हणजे तीन गुरुवार मी इथं उभी राहून—" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मी दर वेळी तुला विचारलं, पटतंय ना. आणि तू मान डोलवत होतास."

"मी दुरुस्त करत होतो गं. अकरा प्रकारांनी करून पाहिली. वही बघ. वाटलं, आधी भोक बुजवावं, मग सांगावं. तुझ्या मुदतवाढीचं तूच सांगितलं होतंस… ऐक, अजून जमेल. माझी सिद्धता आखडून घालू, तपशील परिशिष्टात टाकू. दोघांची नावं राहतील. प्रमेय खरंच आहे ना?"

"प्रमेय खरं आहे. मी ते सिद्ध केलेलं नाही."

"पहिला आठवडा मी तुझ्यासाठी गप्प राहिलो," तो म्हणाला. चष्मा काढून त्याने तो उगाचच पुसला; काचेआडून बाहेर आलेले त्याचे डोळे फार थकलेले दिसले. "पुढचे आठवडे… गुरुवारसाठी. तुझी सिद्धता पडली असती तर एकत्र करण्यासारखं काही उरलं नसतं. मला यायला कारण उरलं नसतं. आता एवढं सांगितलंय तर सगळंच सांगतो, मला तू—"

"आज नको," ती म्हणाली. "आज तू काहीही खरं सांगितलंस तरी मला ते आधी तपासून घ्यावंसं वाटेल."

तिने त्याच्यासमोरच समितीला पत्र लिहिले. चार ओळी. माझ्या सिद्धतेत न भरून येणारी त्रुटी आहे. सोबत सहा बिंदूंचे उदाहरण. माझे नाव काढावे. दुसरी सिद्धता स्वतंत्र आहे. उदाहरण कोणाचे, हेही तिने लिहिले. पाठवण्याआधी तिने त्याला विचारले, "यात काही चुकीचं आहे?"

"नाही."

"नक्की?"

त्याने मान डोलवली नाही. "नक्की," तो शब्दांत म्हणाला, आणि छत्री घेऊन निघून गेला. ती त्याला सोडायला खाली गेली नाही. जिन्यावर त्याची पावले दोन ठिकाणी थांबली. ती तिने ऐकली.

सोमवारी विभागप्रमुखांनी तिला बोलावले. ते खरोखर हळहळले. "तुम्ही केलंत ते योग्यच," ते म्हणाले. "पण मुदतवाढीच्या अर्जात त्याला रकाना नाही." महिनाअखेरीस खोली रिकामी करायची ठरली.

"त्याने फसवलं तुला?" घरी ताईने विचारले.

"नाही. सांभाळून घेतलं."

"मग?"

"तेच तर."

ताईने आपला चष्मा कपाळावर सरकवला. "दुकानात एक आजोबा येतात. नंबर वाढलाय म्हटलं की चिडतात, म्हणून त्यांचा मुलगा मला डोळ्यांनी खुणावतो, सांगू नका. मी सांगते. मग बापलेक दोघेही माझ्यावर चिडतात." ती थांबली. "पण त्या मुलाचं वडिलांवर प्रेम नाही, असं मला कधी वाटलं नाही बाई."

मंगळवारी तिने पेट्या भरायला घेतल्या. एका खणात त्याचा निबंध निघाला. पेटीत टाकायचा तो तिने टेबलावर ठेवला, आणि पहिल्यांदाच पहिल्या पानापासून वाचू लागली. हातात पेन्सिल घेऊन, डोळ्यांत तेल घालून. तिने स्वतःला सांगितले की हे काम आहे. एवढे मोठे प्रमेय आता याच एका सिद्धतेवर उभे राहणार, तर कोणीतरी ते नीट तपासायला हवे. पण दुसऱ्या दिवशी तिसऱ्या उपप्रमेयापाशी एक ओळ संशयास्पद वाटली, तेव्हा तिच्या छातीत जे धडधडले ते काळजीचे नव्हते. ती आशा होती. चूक सापडली असती, तर ती त्याला त्याच दिवशी कळवावी लागली असती.

ओळ बरोबर निघाली.

ती पुढे वाचत गेली. लांब, दमछाक करणारी वाक्ये. पण प्रत्येक वाक्य आधीच्याचा हात धरून येत होते. तिने न उघडलेल्या दारापाशी तो सत्ताविसाव्या पानावर पोचला होता आणि तिथे त्याने चार पाने घालवली होती. न कंटाळता, कोणी बघत नसताना. इतका सचोटीचा माणूस तिच्यासमोरच्या खुर्चीत बसून खोटे बोलत होता. या दोन गोष्टी तिला एकमेकींत बसवता येईनात, आणि त्यांतली एकही खोडता येईना.

शनिवारी सकाळी तिने एकतिसावे पान उलटे घातले. खिडकीतल्या विटा पावसाने काळ्या पडल्या होत्या. तिने फोन लावला.

"वाचलं," ती म्हणाली. "सगळं. चूक नाही."

पलीकडून त्याने विचारले, "तुला हवी होती?"

"हो."

"का?"

"फोन करायला कारण मिळालं असतं."

"मग आता…"

"आता कारण नाही. तसाच केला."

त्याचा श्वास तिला ऐकू आला. एकदा, दोनदा. "उद्या रविवार," तो म्हणाला. "रविवारी बस दोनच असतात. एक सकाळी आहे. येऊ?"

तिने भरलेल्या पेट्यांकडे पाहिले, पुसलेल्या फळ्याकडे पाहिले. तीन आठवड्यांनी या शहरात तिला काम नव्हते. कदाचित या शहरात ती स्वतःही नसणार होती. यांतले काहीच त्याच्या येण्याने बदलणार नव्हते.

"ये," ती म्हणाली. "पण माझा राग गेलेला नाही. कधी जाईल तेही माहीत नाही. आजच सांगून ठेवते."

"बरं केलंस," तो म्हणाला. आणि दोघांपैकी कोणीही फोन ठेवला नाही.