एकतीस सेकंद

"मॅडम, लवकर या. रेणूला शॉक बसला. उठतच नाहीये ती."

फोनवर विद्यार्थी कौस्तुभ होता. चारुलताचा तास बारा वाजता होता, त्यामुळे ती अजून चिक्कडपल्लीत घरीच होती. ऑटोने जामबागच्या कॉलेजात पोचायला पंचवीस मिनिटं लागली. तोवर रेणूला दवाखान्यात नेलं होतं. ती शुद्धीवर आली नव्हती.

प्रयोगशाळेच्या फरशीवर पाणीच पाणी होतं. दारात प्रयोगशाळेचे प्रमुख हिम्मतराव हातात कागद घेऊन उभे होते.

"टाकी भरून वाहिली," ते म्हणाले. "मुलीचं लक्ष नव्हतं. पाणी मोटरपर्यंत गेलं आणि शॉक बसला. अप्पारावांनी पुसायला हवं होतं, तेही झालं नाही. मी लिहून ठेवलंय, सही करा. दोनची बॅच ठरल्याप्रमाणे घ्या. उद्या तपासणी समिती येतेय."

चारुलताने कागद हातात घेतला. नोकरी लागून दोन महिने झाले होते, तीही कंत्राटी. पण दोन वाजता वीस मुलं त्याच यंत्राला हात लावणार होती.

"दहा मिनिटं द्या, सर."

हिम्मतराव प्राचार्यांना बोलवायला गेले. तिने आधी बाहेर जाऊन मेन स्विच खाली केलेला आहे ना ते पाहिलं. मग ओल्या फरशीवर पाय टाकला. तरीही यंत्राला हात लावायचं धाडस होईना.

यंत्र साधं होतं. खालच्या हौदातलं पाणी पंप वर चढवतो. ते लोखंडी मोजटाकीत पडतं. टाकीत पाणी दहा सेंटिमीटर चढायला किती सेकंद लागले ते मोजलं की प्रवाहाचा दर निघतो. मग टाकीचा वाल्व उघडायचा, की पाणी पुन्हा हौदात. दिवसभर तेच पाणी फिरत राहतं.

आता वाल्व उघडा होता. टाकी रिकामी. हौदात पाणी वरच्या लाल रेघेला टेकलेलं.

ती तिथेच थबकली. मग जिन्यावर बसलेल्या कौस्तुभकडे गेली.

"नेमकं काय झालं?"

"तिसरं रीडिंग चालू होतं, मॅडम. रेणूने वाल्व बंद केला, मी स्टॉपवॉच सुरू केलं. तिला टाकीवरची पातळीची काच नीट दिसेना, म्हणून ती खिडकीचा गज धरून वाकली. दुसरा हात वाल्ववरच होता. एकदम ताठ झाली. आवाजसुद्धा निघाला नाही तिचा. मी लाकडी स्टूलने तिला ढकललं आणि मेन ऑफ केला."

"तेव्हा फरशी ओली होती?"

"नाही. तिला आम्ही फरशीवरच झोपवलं होतं. कपडे कोरडेच होते तिचे."

"स्टॉपवॉच कुठंय?"

ते त्याच्या गळ्यातच होतं. दचकून बटण दाबलं गेलं होतं. एकतीस सेकंद.

"आधीच्या रीडिंगला किती लागले होते?"

"दहा सेंटिमीटरला चाळीस. पंप तेवढाच ठेवला होता."

इतक्यात दवाखान्यातून अप्पाराव परतले. वीस वर्षं ते इथे मदतनीस होते.

"श्वास चालू आहे पोरीचा. बोलत नाही अजून," ते म्हणाले.

चारुलताचं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. जाड तळाच्या कोऱ्या रबरी चपला.

"कधी घेतल्या?"

"मी कुठला घेतो? सरांनी दिल्या, सोमवारी. सुलतान बाजारातून आणल्या म्हणे. आत काम करताना काढायच्या नक्को, असं बोलले."

"रेणूला खाली नेलं तेव्हा इथे कोण राहिलं?"

"सर एकटेच. पोरं सगळी आमच्यासंगट आली."

चारुलताने मेनचा फ्यूज काढला आणि स्विचपेटीचं झाकण उघडलं. वीज गळली की आपोआप पडणारा सुरक्षा स्विच जागेवर होता. पण त्याला वळसा घालून एक नवी तांबडी वायर थेट मोटरकडे गेली होती. तिने झाकण पुन्हा बसवलं.

प्राचार्य आले तोवर अप्पारावांनी फरशी पुसून कोरडी केली होती.

"सर," ती हिम्मतरावांना म्हणाली, "दोष सांडलेल्या पाण्याचा होता ना? आता फरशी कोरडी आहे. मी मेन लावते. तुम्ही एक हात वाल्ववर ठेवा आणि दुसऱ्याने गज धरा."

हिम्मतराव जागचे हलले नाहीत.

तिने बाहेर जाऊन मेनचा खटका वर केला. खट्ट आवाज झाला आणि हिम्मतराव मागे सरकत भिंतीला टेकले.

"फ्यूज माझ्या पर्समध्ये आहे," ती म्हणाली. "वीज आलेलीच नाही. पण तुम्हाला माहीत होतं."

"काय चाललंय हे?" प्राचार्यांनी विचारलं.

"टाकी साठ सेंटिमीटर उंच आहे. चाळीस सेकंदांत दहा, म्हणजे भरायला चार मिनिटं. रेणूला शॉक बसला एकतिसाव्या सेकंदाला. तेव्हा टाकीत आठ सेंटिमीटरसुद्धा पाणी नव्हतं. आणि टाकी वाहिली असती तर हौदातलं पाणी तेवढं कमी झालं असतं. ते अजून भरल्याच्या रेघेवर आहे. म्हणजे फरशीवरचं पाणी या यंत्राचं नाहीच. ते नळावरून आणून ओतलं. मुलं खाली गेल्यावर इथे सर एकटे होते. वाल्वही त्यांनीच उघडला, टाकीत किती पाणी होतं ते कळू नये म्हणून."

तिने पेटी उघडून तांबडी वायर दाखवली. "मोटरमधून वीज गळत होती, म्हणून हा स्विच सारखा पडत असणार. तो टाळायला ही वायर जोडली. मग गळलेली वीज टाकीच्या लोखंडात राहिली आणि रेणूने गज धरताच तिच्या अंगातून गेली. धोका सरांना ठाऊक होता. म्हणूनच अप्पारावांना चपला आणून दिल्या."

अप्पाराव हलक्या आवाजात म्हणाले, "मला चपला दिल्या, साहेब. पोरांना सांगितलं का नाही?"

हिम्मतराव स्टुलावर बसले. "मोटर दुरुस्तीला आठ दिवस लागणार होते," ते म्हणाले. "समिती उद्या येतेय. यंत्र बंद दिसलं असतं तर विभागाची मान्यता गेली असती. एकच आठवडा काढायचा होता."

प्राचार्यांनी पोलिसांना फोन लावला.

चारला रेणूने डोळे उघडले. उजव्या हाताला जाड पट्टी होती. चारुलता पलंगाशी वाकली, तेव्हा मुलगी घाबरूनच पुटपुटली, "मॅडम, माझं काय चुकलं?"

"काही नाही," चारुलता म्हणाली. "तू सगळं बरोबर केलंस."

दिवसभर दाबून धरलेलं रडू तिला तिथे पलंगाशीच आलं.